अधिक एक

मापोपा कायिरा त्या बुधवारी लुसुंगुच्या दुकानात मागच्या दाराने शिरला, एवढंच झालं. पुढच्या दाराने गेला असता तर काहीच घडलं नसतं. नेहमीसारखा चहा प्याला असता, गरम मंडासी, तळलेले गोड वडे, खाल्ले असते, ज्या कामासाठी आला होता ते उरकून सुखाने घरी गेला असता. पण बसस्टँडसमोरचा रस्ता पाइपलाइनसाठी उकरून ठेवलेला, त्यात जुलैची भुरभुर, आणि म्झुझू शहरातला लाल चिखल एकदा बुटाला धरला की सोडत नाही. छापखान्यातली वीज गेली म्हणून मालकाने दुपारीच सगळ्यांना हाकललं होतं. म्हणून तो शिंप्यांच्या बोळातून वळसा घालून मागून आला. लुसुंगु त्याची मेहुणी, बायकोची, टोवेराची, धाकटी बहीण. टायपिंग, झेरॉक्स, पासपोर्टचे फोटो, लग्नाच्या आणि मयताच्या पत्रिका, असं तिचं दुकान. ती पाठमोरी बसली होती, पडदा तिच्या खांद्यावरून स्वच्छ दिसत होता, आणि पडद्यावर सगळं इंग्रजीत होतं. बटणं इंग्रजी, यादी इंग्रजी, खालची पट्टी इंग्रजी. मापोपाच्या पायाखाली फळी करकरली. लुसुंगुने मान वळवलीसुद्धा नाही. तिचा डावा हात आपणहून सरकला, तीन कळा एकदम दाबल्या, पडदा क्षणभर काळा झाला आणि चितुंबुकात, त्यांच्या घरच्या भाषेत, उजळला. मग ती वळली, तोंडभर हसत. "अगंबाई, दाजी! आज मागल्या दाराने? चोरबीर झालात की काय?"

तो हसला. हसायलाच पाहिजे होतं. स्टुलावर बसला, छत्री गुडघ्यांमध्ये उभी धरली आणि तिच्या डाव्या हाताकडे पाहत राहिला. तो हात आता बशीत मंडासी काढत होता, निर्मळ, साधा हात, बोटाला शाई लागलेली. किती सराईतपणे फिरला होता! चाचपडला नाही, खाली बघितलं नाही. म्हणजे हे आजचं नव्हे. म्हणजे दोन खाती उघडी ठेवायची, एक पोटापाण्याचं आणि एक दाजींचं, हे वर्षानुवर्षं चाललेलं. त्याला आठवलं, आपण दारात आलो की आधी पडद्याकडे बघतो आणि मग हिच्याकडे. बघतो आणि मनातल्या मनात मिशीला पीळ देतो. आणि ही तेव्हा काय बघत असेल?

"दाजी, चेहरा का असा? अक्का बरी आहे ना?"

"बरी आहे. ते लोक आपली भाषा काढून टाकतायत."

"कुठले लोक?"

"हॉर्नबिलचे."

"अरे देवा!" लुसुंगु खरोखर दचकली. "का बरं? आपण काय घोडं मारलं त्यांचं?"

त्याने सांगितलं. लुसुंगुला समजेल असं, थोडक्यात. हॉर्नबिल ही फुकट मिळणारी संगणकयंत्रणा. जगभरची माणसं पगाराशिवाय ती बनवतात, दुरुस्त करतात, आणि मापोपासारखे ज्यांना प्रोग्राममधलं ओ की ठो कळत नाही ते तिचे शब्द आपापल्या भाषेत आणतात. गेल्या वर्षीच्या आवृत्तीत गडबड झाली होती. यंत्रणा नव्याने बसवताना चितुंबुका निवडली की तिसऱ्या पानावर सगळं ठप्प. पुढे सरकायचंच नाही. आणि वर्षभर जगातल्या एकाही माणसाने तक्रार केली नाही. मग हेन्रिकने, तो डेन्मार्कमधला, दरवर्षी नवी आवृत्ती बाहेर काढण्याचं बघतो, ठराव मांडला: जी भाषा मोडून पडली तरी कुणाला कळत नाही ती भाषा कुणी वापरत नाही, काढून टाकावी. आठवड्याची मुदत. ज्यांना पटतं ते ठरावाखाली 'अधिक एक' असं लिहितात, ही तिथली रीत. ठराव पाडायचा तर चितुंबुका वापरणाऱ्या एका, फक्त एका माणसाने स्वतः लिहायला हवं. अनुवादकाचं चालत नाही.

"एवढंच ना? मी लिहिते की! आत्ता लिहिते. पत्ता द्या," लुसुंगु म्हणाली आणि पदर खोचून भांडायला निघाल्यासारखी संगणकाकडे वळली. ह्याच कामासाठी तो आला होता. चिठ्ठीवर पत्ता लिहून खिशात आणला होता. पण आता ती चिठ्ठी खिशातून निघेना. "राहू दे," तो म्हणाला. "बघतो मी दुसरं काही." तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, त्याने छत्रीकडे पाहिलं. मंडासी तशीच राहिली.

बाहेर आल्यावर तो घराकडे न वळता विग्वाग्वा बाजारात शिरला, जुन्या कपड्यांच्या ढिगांमधून, कारण तिथे कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. बायका दुसऱ्या देशातल्या मेलेल्या माणसांचे कोट झटकून बघत होत्या. लष्कराच्या भाकऱ्या, टोवेरा त्याच्या अनुवादाला म्हणायची. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या. म्हणू दे. लेक तेम्वा रांगत होती तेव्हा त्याने पहिला शब्द केला, आता तेम्वा राजधानीत, लिलाँग्वेत, नर्स आहे आणि आईशी फोनवर अर्धं तिकडच्या भाषेत, चिचेवात, बोलते. किती वर्षांच्या संध्याकाळी! छापखान्यात दिवसभर स्तोत्रांची आणि औषधांच्या पत्रकांची मुद्रितं तपासायची, आणि घरी आलं की हात धुऊन ह्या शब्दांना बसायचं. एकेका शब्दासाठी तो म्हाताऱ्यांकडे गेला होता. मासेमारीचे, झोपडी शाकारण्याचे, मका साठवण्याचे शब्द त्याने उचकून काढले, पुसले, आणि संगणकात नेऊन बसवले. 'तुमची फाइल सापडत नाही' हे एक वाक्य त्याच्या जिवाला तीन आठवडे लागलं होतं, कारण हरवलेल्या शेळीला वापरायचं क्रियापद निराळं आणि हरवलेल्या माणसाला निराळं. शेवटी त्याने माणसाचं वापरलं. आणि ते वाक्य कुणीच वाचलेलं नाही.

एवढ्या वर्षांत एकही तक्रार आली नव्हती, आणि त्याला तेच भूषण वाटायचं. हंगेरीवाले, गुजरातीवाले, बास्कवाले, सगळ्यांचे वापरणारे सतत बोंबलत असायचे: हा शब्द चुकला, तो शब्द खेडवळ आहे, अनुवादकाने शाळेत जावं. नेरिंगा एकदा म्हणाली होती, "मापोपा, तुझी माणसं किती समंजस आहेत." नेरिंगा लिथुआनियातली, सगळ्या भाषांची मिळून व्यवस्था बघते. त्याने तिला कधी पाहिलेलं नाही, पण तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं ते त्याला माहीत आहे. तिने ते वाक्य लिहिलं तेव्हा तो दिवसभर छापखान्यात शीळ घालत होता. समंजस! गाढवा, शिव्या घालायला आधी वाचावं लागतं. चितुंबुका संघ, सदस्य एक, असं हॉर्नबिलच्या पानावर त्याचं नाव होतं, आणि हजारो माणसांच्या त्या मेळ्यात शिरायला त्याच्याकडे तेवढं एकच दार होतं. प्रोग्राम त्याला येत नाहीत, इंग्रजी मोडकंतोडकं. भाषा गेली की संघ गेला, आणि संघ गेला की मापोपा कायिरा म्हणजे म्झुझूतला एक मुद्रितं तपासणारा, पन्नाशी उलटलेला, ज्याला सकाळी उठून कुणाचंही पत्र आलेलं नसतं. हे त्याने स्वतःशी इतकं स्वच्छ आजवर म्हटलं नव्हतं. भीती वाटली.

आणि मग तो हात. तो हात त्याने आधी कुठेतरी पाहिला होता, आणि जुन्या कपड्यांच्या त्या कुबट वासात उभं राहून त्याला एकदम कळलं, कुठे. रुम्फीकडच्या शाळेत, बापाच्या टेबलावर. वरून हुकूम सुटला होता की आता शाळेत आणि रेडिओवर चितुंबुका बंद, फक्त चिचेवा. बापाला चिचेवा यायची ती सरकारी पत्रकापुरती. पण पोरांना बेरीज शिकवायची तर पोरांना समजेल असंच शिकवावं लागतं, म्हणून बाप आपला जुन्या भाषेतच शिकवायचा, आणि डाव्या हाताचा अंगठा चिचेवाच्या पुस्तकात, ठरलेल्या पानात, खुपसून ठेवायचा. मापोपा खिडकीपाशी बसायचा. त्याचं काम म्हणजे इन्स्पेक्टरसाहेबांच्या मोटरसायकलचा आवाज ऐकायचा आणि खोकायचं. तो खोकला की बापाचं वाक्य मध्येच तुटायचं, डावा हात फिरायचा, जुनं पुस्तक खाली, नवं वर, आणि बाप अडखळत, घामाघूम होत, परक्या भाषेत वाचायला लागायचा. पोरं खुसुखुसु हसायची. मापोपाही हसायचा. साहेब दारात यायचे, आधी पुस्तकाकडे बघायचे आणि मग बापाकडे. खूष व्हायचे. वहीत काहीतरी लिहून जायचे. त्या साहेबांना कधी कळलं असेल का? आणि हा विचार मनात आला तेव्हा मापोपाला बाजारातल्या बाकावर बसावं लागलं, कारण ते साहेब आता तोच होता. बापावर झालेल्या जुलमाची भरपाई करायला निघालेला मुलगा, आणि अख्खं गाव त्याची चाहूल लागली की पुस्तक फिरवतं.

म्हणजे अख्खं गाव फिरवतं की नाही, हे बघायला नको? माणसाचं मन किती नीच! बाकावरून उठताना त्याला आशाच वाटत होती. चर्चच्या कचेरीत त्याने स्वतःच्या हाताने हॉर्नबिल बसवली होती. तिथले कारकून न्यासुलु गृहस्थ, भाषेचे अभिमानी, लग्नात तासतासभर म्हणी सांगणारे. न्यासुलु तरी? तो कचेरीच्या मागे गेला, निलगिरीच्या झाडाखालून, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या खिडकीत डोकावला. पडदा इंग्रजीत होता. न्यासुलूंनी चष्म्यावरून त्याला बघितलं आणि त्यांचाही हात कळांकडे गेला. पण ते म्हातारे, बोटं संधिवाताची, त्यांना पटकन जमेना.

"राहू द्या, काका," मापोपा खिडकीतून म्हणाला. "पाहिलं मी."

न्यासुलूंनी सुस्कारा सोडला. त्यात सुटकाही होती. "आत ये. थंडीत उभा राहून काय मिळणार आहे? अरे, रागावू नकोस. तुझे शब्द म्हणजे आमच्या आजोबांचा लग्नातला कोट. काय कापड, काय शिलाई! पेटीतून काढावा, हात फिरवावा. पण तो घालून बाजारात भोपळे आणायला कोण जाणार? वरून पत्रं येतात इंग्रजीत, जातात इंग्रजीत. आणि खरं सांगू? ते 'छपाईयंत्र रुसलं आहे' असं काहीतरी येतं ना, मला वाटायचं देवच बोलतोय."

"मग तक्रार का नाही केलीत?"

"तुझ्याकडे?" न्यासुलु हसले. "पोरा, तू रविवारी दोन्ही हात हातात घेऊन विचारायचास, 'काका, कशी चाललीय?' मी काय सांगणार? छान चाललीय. तुझा बाप माझा मित्र होता." मग सगळी हकीकत ऐकून त्यांनी मांडीवर थाप मारली. "एवढंच? लिहून देतो की. रोज वापरतो म्हणून लिहितो. आमच्या मंडळींनाही सही करायला लावतो. हवे तेवढे लोक देतो तुला. आपलं काय जातंय?"

हे ऐकून मापोपाला वाटलं होतं त्याहून वाईट वाटलं. माणसं नव्हती असं नाही. माणसं पुष्कळ होती, आणि एकजात चांगली होती. शब्द टाकायचा अवकाश, अर्धं म्झुझू 'आम्ही वापरतो' म्हणून लिहून द्यायला धावलं असतं, त्याच्यासाठी. भाषेसाठी कुणीच नाही. खरी एकही साक्ष मिळणार नाही, आणि खोट्या टोपलीभर. अनुवादकाने स्वतःच्या भाषेची साक्ष द्यायची नाही, हा नियम काही वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याच्याखाली त्यानेच लगोलग 'अधिक एक' लिहिलं होतं. कुणीतरी यंत्राकडून भाषांतर करून घेऊन मेलेल्या भाषांची दुकानं थाटली होती, त्यांच्यावर त्याचा राग होता. किती ताठ मानेने लिहिलं होतं! "नको काका," तो म्हणाला. न्यासुलूंनी खांदे उडवले आणि त्याच्यासमोरच पुन्हा इंग्रजीत टायपायला लागले. आता लपवायचं काय राहिलं होतं?

घरी टोवेरा चुलीपाशी सिमा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, घोटत होती. उसिपाच्या सुक्या मासळीचा वास घरभर. तो तिच्यामागे उभा राहिला. "तुला माहीत होतं? लुसुंगुचं?"

टोवेराचा हात थांबला नाही. सिमा घोटताना थांबलं की गुठळ्या होतात. "अख्ख्या म्झुझूला माहीत होतं."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"सांगून काय केलं असतं तुम्ही? सोडलं असतं?" ती वळली. धुराने डोळे लाल झाले होते, की दुसऱ्या कशाने, त्याला कळलं नाही. "अहो, शेजारणी मला नशीबवान म्हणतात. नवरा पीत नाही, बाहेर बाई ठेवत नाही, दिवेलागणीला घरात असतो. असतो, हे खरं. पाठ असते. तुमचा चेहरा कसा आहे ते मी विसरले होते, पाठ मात्र मला तोंडपाठ आहे. पण त्या पाठीकडे बघून वाटायचं, हा माणूस कुठेतरी सुखात आहे. मग मी कशाला मोडू?" तिने ताटात वाढलं. "आता मोडलंच आहे तर जेवा. आणि ती कोण तुमची नेरिंगा, तिला म्हणावं, ह्या माणसाला पुन्हा कसं बसवायचं तेही कळवा."

तो जेवला. चव कळली नाही. गुरुवारी आणि शुक्रवारी तो छापखान्यात मुद्रितं तपासत राहिला, आणि डोक्यात श्रीमती गोंडवे जन्माला आल्या. ह्या बाई कुठेच नव्हत्या. कारोंग्याला त्यांची मक्याची गिरणी, नवरा खाणीत गेलेला तो परत न आलेला, हिशेब ठेवायला भाच्याने दिलेला जुना संगणक, त्यावर हॉर्नबिल, चितुंबुकात. इंग्रजी त्यांना येत नाही म्हणून नव्हे, येतं, पण गिरणीच्या आवाजात परकी भाषा त्यांना दमवते. नेरिंगा एक पत्र त्यांच्याकडून आलं तर कशाला शंका घेईल? दुसरं खातं उघडायला कितीसा वेळ लागतो! शुक्रवारी दुपारी तर श्रीमती गोंडवेंनी त्याच्याशी भांडणही काढलं: 'छपाईयंत्र रुसलं' हे काय लिहिलंय, यंत्र काय नवी नवरी आहे? त्याचे डोळे भरून आले. कुणीतरी वाचलं होतं! कुणीतरी चिडलं होतं! समोरच्या मुद्रितात कावीळच्या जागी काविळ गेलं, मालक ओरडला, आणि श्रीमती गोंडवे विरून गेल्या. त्याने ते पत्र लिहिलं नाही. सज्जनपणा म्हणून नव्हे. लिहिलं असतं तर त्यांच्यावर विश्वास ठेवणारा पहिला माणूस तोच झाला असता, आणि मग परतीची वाट नव्हती.

शनिवारी सकाळी धुकं उतरलं होतं. मुदतीचा शेवटचा दिवस. टोवेरा अंगणात कपडे धूत होती, तिच्या दणक्याचा आवाज एकसारखा येत होता. मापोपाने संगणक लावला तो फक्त बघायला, की किती जणांनी 'अधिक एक' लिहिलंय. तीन होते. आणि त्यांच्याखाली नेरिंगाचं पत्र, घाईघाईत लिहिलेलं, आनंदाने फुटलेलं. मापोपा, मापोपा, बघ! मदतीच्या पानावरून एक पत्र आलंय, तुमच्या देशातून, आणि आम्हाला वाटतं ते चितुंबुकात आहे! यंत्राला वाचता येत नाही, आम्हाला तर मुळीच नाही. पण ही वापरणारी बाई दिसते. तूच एकटा हे वाचू शकतोस. लवकर अनुवाद करून टाक, हेन्रिक थांबलाय, तुझ्या अनुवादावर निर्णय करू. आणि खाली ते पत्र. मदतीच्या पानावर एक ओळ असते, 'काही अडचण असल्यास आम्हाला आपल्या भाषेत लिहा, आम्ही आनंदाने वाचू.' ती त्यानेच केली होती. इंग्रजीत 'आपल्या भाषेत' असं नव्हतं, ते त्याने पदरचं घातलं होतं. त्याला तेव्हा ते बरं वाटलं होतं. लुसुंगुने त्या ओळीवर विश्वास ठेवला होता. जी यंत्रणा इतकी वर्षं आपल्याशी चितुंबुकात बोलते तिच्या घरी चितुंबुका जाणणारी माणसं बसलेली असणारच, हे तिने गृहीत धरलं होतं. कोणीही धरलं असतं.

"हॉर्नबिलच्या मोठ्या साहेबांना लुसुंगु न्गोमाचा नमस्कार," पत्रात लिहिलं होतं. "मी बरी आहे, तुम्हीही बरे असाल. तुम्ही आमची भाषा काढताय असं ऐकलं. मी चर्चला जाणारी बाई आहे, खोटं लिहिणार नाही. माझ्या दुकानात मी सगळं काम इंग्रजीत करते. तुमच्या चितुंबुकातले पुष्कळ शब्द मला कळत नाहीत, आमच्या आजीलासुद्धा कळले नसते, तरी दिसतात छान. पण माझे दाजी दुकानात आले की मी आपली भाषा लावते. त्यांचा तिच्यावर फार जीव. आले की आधी पडद्याकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि तेव्हा त्यांचं तोंड लहान पोरासारखं होतं. माझ्या बहिणीलाही ते तोंड कधी दिसत नाही. तुम्ही भाषा काढलीत तर ते आले की मी काय लावू? एका माणसापुरती ठेवता येत असेल तर ठेवा, अशी कितीशी जागा लागते? परवा ते मागच्या दाराने आले. मला वाटतं त्यांनी पाहिलं नसावं. मी काय लिहिलं हे त्यांना कळू देऊ नका, ते फार मनाला लावून घेतात. तुमच्याकडे आमची भाषा येणारी खूप माणसं असतील. त्यांतल्या एखाद्या शहाण्या माणसाला हे वाचायला द्या."

अंगणातला दणका थांबला, पुन्हा सुरू झाला. मापोपाने पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. किती सुंदर लिहिलं होतं पोरीने! त्याच्या हजारो वाक्यांत असं एक वाक्य नव्हतं. ह्यात बाजारातले शब्द होते, अर्धे इंग्रजी, अर्धे चिचेवा, आणि तरी ते चालत होतं, हसत होतं, हात धरत होतं. ही होती भाषा. ती जिवंत होती, दुकानात बसली होती, फक्त त्याच्याकडे यायची तेव्हा उठून उभी राहायची. आता करायचं काय? जगात हे वाचू शकणारा, आणि तिकडे कुणाला सांगू शकणारा, तो एकटा. 'ही बाई म्हणते, मी रोज वापरते.' एका ओळीचं काम. नेरिंगा नाचली असती. हेन्रिकने ठराव मागे घेतला असता. चितुंबुका संघ, सदस्य एक. कुणाचं काही बिघडलं नसतं, न्यासुलु म्हणाले होते तसं, आपलं काय जातंय? त्याने ती ओळ लिहिलीसुद्धा. लिहून तिच्याकडे बघत बसला. मग पुसली, कारण लुसुंगुने लिहिलं होतं, खोटं लिहिणार नाही, आणि तिचं वाक्य त्याच्या हातून उलटं व्हावं हे त्याला सहन होईना. स्वतःबद्दल असतं तर चाललं असतं.

त्याने अनुवाद केला. एकेक वाक्य, काही न गाळता, काही पदरचं न घालता. 'पुष्कळ शब्द कळत नाहीत' इथे हात थोडा रेंगाळला, तरी 'पुष्कळ'चं 'काही' केलं नाही. लहान पोराचं तोंडही तसंच ठेवलं. 'त्यांना कळू देऊ नका' हेही लिहिलं, आणि शेवटचं शहाण्या माणसाचं वाक्यही. इंग्रजीत दाजीला धड शब्द नाही, जो आहे तो कोरडा आहे, तोच घातला. खाली रीतीप्रमाणे 'अनुवाद: मापोपा कायिरा' लिहिलं आणि पाठवून दिलं. टोवेराने आत डोकावून विचारलं, "चहा ठेवू?" तो हो म्हणाला.

चहा येईपर्यंत उत्तरं आली. हेन्रिकने लिहिलं की पत्र हृदयाला भिडतं, पण बाई स्वतःच म्हणते की ती वापरत नाही, तेव्हा मला वाईट वाटतं. त्याच्याखाली कुणीतरी ब्राझीलमधल्याने 'अधिक एक' लिहिलं. आणि मग नेरिंगाचं पत्र, सगळ्यांना दिसेल असं. थांबा, थांबा. हेन्रिक, तू नीट वाचलं नाहीस. बाई वापरत नाही, पण तिचा दाजी? हा माणूस चितुंबुकावर जीव टाकतो, पडद्यावर ती दिसली की लहान पोर होतो. हाच तर आपल्याला हवा होता! हा नक्की वापरत असणार. नियम म्हणतो एक वापरणारा, हा तो एक आहे. मापोपा, तुमचं शहर काही फार मोठं नाही. तू ह्या माणसाला शोधू शकशील का? आज संध्याकाळच्या आत त्याने एक ओळ लिहिली, तरी तुझी भाषा वाचते.

टोवेराने चहा ठेवला आणि ह्या वेळी गेली नाही, त्याच्या खांद्यावर हात ठेवून पडद्याकडे बघत उभी राहिली. तिला इंग्रजी फारसं येत नव्हतं. "काय म्हणतात?" तिने विचारलं. "एका माणसाबद्दल विचारतायत," मापोपा म्हणाला. मग त्याने उत्तर लिहिलं, सावकाश, प्रत्येक अक्षर तपासत.

"त्याला मी ओळखतो. त्याचा शब्द आपल्या नियमात बसत नाही."